राणीचं खेडं (आमो द ला रेन): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसच्या उपनगरात राहायला लागल्यापासून माझ्याकडे पाहुण्यांचा आणि त्यांच्या प्रश्नांचा ओघ आटलेला नाही. आयफेल टॉवरबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रश्न येतात ते व्हर्सायच्या बागेच्या पार टोकाला असलेल्या त्या गवती छपरांच्या गावाबद्दल. तेच तेच पुन्हा लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका ठिकाणी आणलं आहे. एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर थेट तिथे जा. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं आहे काय? राजवाडा, बाग की शेत?

तिन्हींचा थोडा थोडा अंश. व्हर्सायच्या मोठ्या राजवाड्यापासून दूर, पती त्रियानों नावाच्या छोट्या महालामागे एक तळं आहे. त्या तळ्याभोवती अर्धचंद्राकार मांडलेली खेडवळ घरं म्हणजे ‘आमो द ला रेन’, राणीचं खेडं. राणी म्हणजे मारी आंत्वानेत, सोळाव्या लुईची बायको. मुळात बारा इमारती होत्या, आज दहा उभ्या आहेत. घरं, कबुतरखाना, गिरणी, दुग्धालय, तळ्याकाठचा मनोरा, आणि जरा बाजूला गोठ्यासह खरंखुरं शेत.

‘आमो’ म्हणजे चर्च नसलेली छोटी वस्ती. आपल्याकडे वाडी म्हणतात तसं. मी घरी बोलताना ‘राणीची वाडी’च म्हणते.

२. कुणी बांधलं आणि कधी?

१७७४ साली लुई गादीवर आला आणि त्याने पती त्रियानों राणीला दिला. दरबाराच्या शिष्टाचारातून सुटका देणारी ती तिची हक्काची जागा. आधी तिने भोवतालची बाग बदलून घेतली. आखीव रेषा गेल्या, वळणावळणाच्या पायवाटा आणि ओढे आले. मग १७८३ पासून पुढच्या तीनेक वर्षांत हे खेडं उभं राहिलं. स्थपती रिशार मीक. चित्र डोळ्यांसमोर उभं करायला मदत होती चित्रकार युबेर रोबेरची, जो पडक्या वास्तूंच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता. या जोडगोळीत चित्रकार का लागला, ते पाचव्या प्रश्नात कळेल.

३. बघायला कसं जायचं? किती वेळ लागतो?

पॅरिसहून आरईआर ‘सी’ या उपनगरी रेल्वेने व्हर्साय शातो रीव्ह गोश हे स्टेशन. तिथून राजवाडा, आणि राजवाड्यापासून बागेतून चालत साधारण अर्धा-पाऊण तास. त्रियानोंचा भाग दुपारी बाराला उघडतो आणि सोमवारी बंद असतो. सकाळी नऊला थेट तिथे जाऊन फाटकाशी उभे राहिलेले माझे दोन पाहुणे आहेत, तुम्ही तिसरे होऊ नका. तिकिटांचे नियम हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघाच. घरं बाहेरून बघता येतात. राणीच्या घरात आत जायचं तर गाइडबरोबरची फेरी आधी नोंदवावी लागते.

सांगायचं म्हणजे, सकाळी राजवाडा आणि दुपारी खेडं असा बेत केलात तर पाय बोलायला लागतात. बूट चांगले घाला.

४. राणी खरंच गवळण बनून गायींच्या धारा काढायची का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा हसऱ्या इमोजीसकट. तर, तसा पुरावा नाही. राणी गवळणीच्या वेशात बादली घेऊन बसायची ही कथा तिच्याविरुद्ध पसरलेल्या कुचाळक्यांतून आणि पुढच्या शतकातल्या रंजक लिखाणातून फुगत गेली.

ती इथे यायची ते फिरायला, मोजक्या मैत्रिणींबरोबर जेवायला, आणि मुलांना घेऊन. झाडं, जनावरं, भाजीपाला मुलांनी प्रत्यक्ष बघावा हा त्या काळच्या वरच्या वर्गात रूसो या तत्त्वज्ञाच्या प्रभावाने रुजलेला विचार होता. तिचे कपडे साधे असत हे खरं. पांढऱ्या मलमलीचा झगा आणि गवती टोपी अशा वेशातलं तिचं चित्र १७८३ मध्ये प्रदर्शनात लागलं तेव्हा ‘राणी आतल्या कपड्यांत?’ म्हणून इतका गदारोळ झाला की ते उतरवावं लागलं. पण साधा झगा म्हणजे गवळणीचं सोंग नव्हे. धारा काढायला माणसं होती (पाहा प्रश्न ९).

५. भिंतींना तडे गेलेत, गिलावा पडलाय, विटा उघड्या पडल्यात. एवढं तिकीट घेतात, मग डागडुजी का करत नाहीत?

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा कुंपणाशी उभी राहून अगदी हेच म्हणाली. ती कोकणातली, पडझड बघितली की तिला राहवत नाही. “अगो, पोपडे धरलेत बघ! चुना मारायला माणूस मिळत नाही का यांना?”

मी म्हटलं, आई, नीट बघ. तडा वरून खाली येतो, पण त्याची सावली कुठे पडते? पडत नाही. कारण तडा नाहीच, तडा *काढलेला* आहे. विटांचे सांधे रंगवलेले. जुनाट लाकडाची कुजकट कड रंगवलेली. घरं नवी कोरी बांधली आणि मग ती जुनी, पावसापाण्याने खाल्लेली दिसावीत म्हणून रंगाऱ्यांकडून त्यांचं वय वाढवून घेतलं. भग्न वास्तू रंगवणारा चित्रकार सोबतीला असण्याची गंमत इथे आहे.

म्हणजे डागडुजी होते आणि काटेकोरपणे होते. जीर्णोद्धारात खोटे तडेसुद्धा पुन्हा जसेच्या तसे रंगवले जातात. आईने दोन मिनिटं टक लावून बघितलं आणि म्हणाली, “आमच्या परसातली भिंत फुकटात आहे अशी.”

वास्तुकलेच्या दृष्टीने या खेड्याचं खरं वेगळेपण मला इथेच वाटतं. बाहेरून ओबडधोबड, आतून महालाला शोभेल असं. दार उघडेपर्यंत पाहुण्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

६. गवताची छपरं तरी खरी आहेत का?

हो, खरी. मात्र सगळ्या घरांवर गवत नाही. राणीच्या घरावर कौलं आहेत. बाकीच्या बऱ्याच घरांवर पाणवठ्यावरच्या बोरूच्या जातीचं जाड गवत उतरत्या थरांत रचलेलं दिसेल. उतार खूप तीव्र ठेवतात, म्हणजे पाणी थरात न मुरता घसरून जातं. आपल्याकडे भाताच्या पेंढ्याने दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायची. हे जाड गवत नीट बसवलं तर काही दशकं टिकतं. तरी शेवटी गवतच ते. आज डोक्यावर दिसतं ते मारी आंत्वानेतच्या काळातलं नाही (पाहा प्रश्न १३).

या घरांचा तोंडवळा फ्रान्सच्या वायव्येकडच्या नॉर्मंडी प्रांतातल्या शेतघरांचा आहे, लाकडी चौकट आणि मधे भरलेली भिंत. नॉर्मंडीत अजूनही आढ्यावर मातीचा जाड थर देऊन त्यात आयरिसची रोपं लावतात. मुळं माती धरून ठेवतात, छपराचा माथा उघडा पडत नाही, आणि वसंतात घराच्या डोक्यावर जांभळी फुलं येतात. खऱ्या खेड्यातली ही युक्ती बघायची असेल तर व्हर्सायपेक्षा नॉर्मंडीत जा.

७. राणीचं घर आतून कसं आहे? ती तिथे राहायची का?

घर एक वाटतं, पण आहेत दोन. एक राणीचं घर, दुसरं बिलियर्डचं, आणि दोन्ही जोडणारा झाकलेला लाकडी सज्जा. बाहेरून गोल जिना वर चढतो. कठड्यावर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असायच्या, त्यांवर राणीच्या नावाची आद्याक्षरं. खाली जेवणाची आणि खेळायची खोली, वर मोठा दिवाणखाना आणि चिनी धाटणीची एक छोटी खोली.

मुक्कामाला मात्र ती पती त्रियानोंतच असे. खेडं दिवसाचं. जेवण शेजारच्या ‘रेशोफ्वार’मध्ये तयार व्हायचं. शब्दशः अर्थ ‘गरम करायची जागा’, पण खरं तर ते स्वयंपाकघर. राणीच्या घरात धूर आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून चूल वेगळ्या छताखाली. आपल्या वाड्यांतही मुदपाकखाना मागे असायचा, कारण तेच.

या घराचा मोठा जीर्णोद्धार होऊन ते २०१८ मध्ये लोकांसाठी उघडलं; खर्चाचा भार दिऑर या फॅशन कंपनीने उचलला. आतलं फर्निचर मात्र मारी आंत्वानेतचं नाही. ते का, ते तेराव्या प्रश्नात.

८. नकाशात दोन दुग्धालयं लिहिली आहेत. दोन कशाला?

एक कामाचं, एक मिरवायचं. ‘तयारीच्या’ दुग्धालयात शेतावरून आलेलं दूध ठेवायचं, साय काढायची, लोणी आणि चीज करायचं. दुसऱ्याचं नाव ‘लेतरी द प्रोप्रते’, म्हणजे स्वच्छ दुग्धालय. तिथे राणी आणि पाहुण्यांनी जायचं आणि तयार पदार्थ चाखायचे. मधे आणि भिंतींलगत संगमरवरी मेजं, त्यांवर राणीची अक्षरं असलेली चिनी मातीची भांडी, आणि छतावर खोदकाम वाटावं असं पण रंगवलेलं नक्षीकाम. संगमरवर केवळ थाटासाठी नव्हे. फ्रिज नसलेल्या काळात दूध नासू नये तर दगड थंडच हवा.

खिडकीतून आत बघता येतं. नाक काचेला लावून बघा, प्रतिबिंबामुळे फोटो येत नाही.

कामाचं दुग्धालय आज नाही. मिरवायचं उरलं, घाम गाळायचं गेलं. वारशाच्या बाबतीत हे जगभर घडतं.

९. शेत खरं होतं की तेही चित्रासारखं?

खरं. १७८५ मध्ये तुरेन प्रांतातून वाली ब्युसार नावाच्या शेतकऱ्याला कुटुंबासह आणून शेत त्याच्या हवाली केलं. गायी, बैल, बकऱ्या, मेंढ्या, कोंबड्या, कबुतरं असा सगळा बारदाना होता. दूध, अंडी, भाजी राणीच्या मेजावर जायची.

प्रत्येक घराभोवतीची परसबाग आजही बघा. कोबी, फुलकोबी, आर्टिचोक, आणि भोवती ठेंगणं कुंपण. अठराव्या शतकातल्या राजवाड्याच्या बागेत दर्शनी भागात कोबी लावणं हे जरा धाडसाचंच. कोबीची जागा मागे, भिंतीआड असायची. इथे कोबी समोर आणि गुलाब त्याच्या सोबतीला.

म्हणून ‘राणीची भातुकली’ हे ऐकलं की मी अडते. भातुकलीत भात शिजत नाही. इथे भिंतीचं दारिद्र्य रंगवलेलं होतं, पण दूध खरं होतं आणि पहाटे उठणारा शेतकरीही खरा होता.

१०. गिरणीत पीठ दळायचे का?

नाही. चाक बाहेर आहे, ओढ्याच्या पाण्यावर फिरायचंही, पण आत जातं नव्हतं. चाक फिरावं, पाण्याचा आवाज यावा, चित्र पूर्ण व्हावं एवढंच. शेताच्या खरेपणाला (प्रश्न ९) हा ठळक अपवाद.

११. तळ्याकाठच्या मनोऱ्याला एका इंग्रज सेनापतीचं नाव कसं?

गाण्यामुळे. मार्लबरोचा ड्यूक हा फ्रेंचांना हरवणारा इंग्रज सेनापती. त्याच्या मृत्यूच्या अफवेवरून फ्रान्समध्ये एक थट्टेचं गाणं जन्मलं, ‘माल्ब्रू सां व्हा-तां गेर’, म्हणजे ‘मार्लबरो चालला लढाईला’. पुढे युवराजाला अंगावर पाजणारी दाई, जिला सगळे मादाम प्वात्रीन म्हणायचे, ती बाळाला निजवताना हे गाणं म्हणू लागली आणि दरबारात त्याची लाट आली. मनोऱ्यालाही तेच नाव चिकटलं.

चाल तुम्हाला पाठ आहे. आपल्याकडे वाढदिवसाला आणि निरोप समारंभाला ‘फॉर ही इज अ जॉली गुड फेलो’ म्हणतात ना, तीच.

मनोऱ्याचा उपयोग मासेमारीसाठी. तळ्यात कार्प आणि पाइक सोडलेले असत. कार्प आजही आहेत आणि पाव दिसला की तोंड वासून काठाशी येतात. पाव टाकू नका.

१२. ही कल्पना राणीची स्वतःची का?

नाही, आणि म्हणूनच सगळा दोष तिच्या एकटीवर टाकणं मला पटत नाही. पॅरिसच्या उत्तरेला शांतिई इथे काँदेच्या राजपुत्राने १७७४-७५ मध्येच असं खेडं बांधलं होतं, बाहेरून झोपडी आणि आत झगमगीत दिवाणखाना. व्हर्सायचा थेट आदर्श तोच, आणि तेही आज बघता येतं. त्याआधीपासून इंग्लंडमध्ये जमीनदार शेत आणि बाग एकत्र आखत होते. थोडक्यात, फॅशन होती. शांतिईच्या राजपुत्राचं नाव कुणाला आठवत नाही, राणीचं आठवतं, एवढाच फरक.

१३. क्रांतीत हे कसं वाचलं? आणि आज दिसतं त्यातलं अस्सल किती?

५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसहून जमाव व्हर्सायकडे निघाला. राणी तेव्हा त्रियानोंच्या बागेत होती. निरोप आला तशी राजवाड्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी राजकुटुंबाला पॅरिसला नेलं आणि ती इथे पुन्हा कधीच आली नाही. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी स्थपती मीकचाही. चित्रकार रोबेर तुरुंगात गेला पण जिवानिशी सुटला.

घरं जाळली नाहीत. फर्निचरचा लिलाव झाला, छपरं गळू लागली, भिंती ओल धरू लागल्या. आगीपेक्षा दुर्लक्षाने जास्त नुकसान केलं. मग नेपोलियनने १८१० नंतर आपल्या दुसऱ्या बायकोसाठी, मारी-लुईजसाठी, खेडं दुरुस्त करवलं. (मारी-लुईज ही मारी आंत्वानेतच्या भाच्याची मुलगी. म्हणजे आत्याआजीचं घर नातीला मिळालं.) कामाचं दुग्धालय आणि नाचघर म्हणूनही वापरात असलेलं कोठार दुरुस्तीपलीकडे गेलं होतं, ती दोन्ही पाडली. बारातली दोन गेली ती अशी. राणीच्या घरात आज दिसणारी सजावट याच मारी-लुईजच्या काळातली आहे, कारण खोल्यांचा विश्वासार्ह तपशील आणि वस्तू त्या काळाच्या हाताशी आल्या.

विसाव्या शतकात जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या देणगीतून मोठी दुरुस्ती झाली. डिसेंबर १९९९ च्या वादळाने व्हर्सायच्या परिसरातली हजारो झाडं उन्मळून पडली. शेताच्या इमारती अलीकडे पुन्हा उभ्या केलेल्या आहेत.

मग अस्सल काय? घरांची मांडणी, तळं, बऱ्याच भिंती. गवत, रंग, तडे नवे. मला यात फसवणूक वाटत नाही. गवती घर हे मुळात दर पिढीने नव्याने शाकारायचं घर. ते ‘मूळचं’ ठेवायचा हट्ट धरला तर उरेल फक्त ओटा.

१४. “पाव नाही तर केक खा” हे इथेच म्हणाली ना ती?

ना इथे, ना कुठे. केक नव्हे, मूळ वाक्यात ‘ब्रियोश’ (लोणी-अंडी घातलेला मऊ पाव) आहे, आणि ते रूसोने आपल्या आठवणींत एका ‘थोर राजकन्येच्या’ तोंडी घातलं, नाव न घेता. त्याने ते लिहिलं तेव्हा आंत्वानेत ऑस्ट्रियातली अल्पवयीन मुलगी होती. पुढे ते तिच्या नावावर चिकटलं ते चिकटलंच.

१५. गरिबीची थट्टाच नाही का ही? लोक उपाशी आणि राणी झोपडी-झोपडी खेळते.

तेव्हाच्या लोकांनाही तसंच वाटलं. तिला ‘मादाम देफिसित’, तुटीची बाई, म्हणत. तिजोरीचं कंबरडं मोडलं ते मुख्यतः कर्जाने आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या खर्चाने. खेड्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. पण युद्धाचा खर्च दिसत नाही आणि खेडं दिसतं.

तरी मी तिची वकिली करणार नाही. ज्याच्या घराचा गिलावा खरंच पडलाय, त्याने तो पैसे देऊन रंगवून घेतलेला बघितला तर त्याला काय वाटेल? आईच्या त्या वाक्यात (प्रश्न ५) सगळं आलं.

१६. रांबुयेलाही ‘राणीचं दुग्धालय’ आहे म्हणे. ते हेच का?

नाही, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. रांबुये पॅरिसच्या नैर्ऋत्येला, साधारण पन्नास किलोमीटरवर. लुईने ती जहागीर १७८३ मध्ये शिकारीसाठी विकत घेतली. राणीला ती मुळीच आवडली नाही. ‘बेडकांचं डबकं’ अशा अर्थाचा शब्द तिने वापरला म्हणतात. तिचं मन वळवावं म्हणून राजाने १७८५ ते १७८७ मध्ये स्थपती तेव्हनँकडून दुग्धालय बांधवून घेतलं. व्हर्सायला झोपडीचा आव, रांबुयेला उलट: दगडी मंदिरासारखा दर्शनी भाग, आत घुमटाखालची गोल खोली, आणि तिच्यापलीकडे कृत्रिम गुहा, जिच्यासाठी शिल्पकार ज्युलियँने बकरीसह अप्सरा घडवली. दोन्ही बघायला वेळ असेल तर आधी व्हर्साय, मग रांबुये बघा. तुलना डोळ्यांत भरते.

१७. या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

खेड्याचा थेट नाही. रांबुयेचा मात्र पक्का, आणि तो मेंढीतून. १७८६ मध्ये लुईने स्पेनच्या राजाकडून, जो त्याचा नातलग होता, मेरिनो मेंढ्या मिळवल्या. स्पेन एरवी ही मऊ लोकरीची जात देशाबाहेर जाऊ देत नसे. साडेतीनशेच्या वर मेंढ्या स्पॅनिश मेंढपाळांबरोबर महिनोन् महिने चालत रांबुयेच्या राजशेतावर आल्या. त्या कळपात बाहेरचं रक्त न मिसळता त्याची पैदास तिथे आजही चालू आहे.

‘रांबुये’ हेच पुढे जातीचं नाव झालं. आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘रॅम्बुलेट’ही म्हणतात. भारतात हे नर संकरासाठी आणले. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेने मालपुरा मेंढीशी संकर करून ‘अविकालीन’ आणि चोकला मेंढीशी करून ‘अविवस्त्र’ तयार केली. पहिलीची लोकर गालिच्याची, दुसरीची कापडाची, हे नावांवरूनच कळतं. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी मात्र राठ, बहुतेक काळ्या लोकरीची. तिचं घोंगडं होतं, राणीच्या अंगावर घालायचं कापड होत नाही. पण पावसात रानात उभं राहायचं असेल तर मी घोंगडंच घेईन.